पाच ताऱ्यांचा आहेर

लेकीच्या पाठवणीला मोबाईलकडे बघून रडलेला बाप साऱ्या जगात एकच सापडेल, आणि तो म्हणजे माझे धाकटे दीर. देवरीच्या मंगल कार्यालयापुढे गाडी लागली होती. नवरीला आई नाही, म्हणून ओटी मी भरली आणि आईच्या वाटणीचं रडणंही माझ्याकडेच आलं. ते मी थोडक्यात आटपलं. पोरगी बापाच्या गळ्यात पडायला वळली, तर बाप मंडपाच्या खांबाला टेकून, मोबाईल नाकाजवळ धरून उभा. तोंड उघडं आणि डोळ्यांतून धारा. पोरगी म्हणाली, "बाबा, आता तरी ठेवा तो." भाऊजींनी मोबाईल तिच्यापुढे धरला. इंग्रजी होतं. तिनं वाचलं आणि तिचं स्वतःचं रडणं जागच्या जागी थांबलं. मी विचारलं, "का झालं?" तर म्हणाली, "मोठीआई, बाबाचं अॅप काढून टाकलं. खातंच बंद केलं, कायमचं." नवऱ्याकडची एक बाई माझ्या कानाशी लागली, "लगीत जीव दिसते जी बापाचा पोरीवर." मी म्हटलं, "दोन्ही पोरींवर आहे." तिला काही कळलं नाही, आणि समजावून सांगायची ती वेळ नव्हती.

दुसरी पोरगी म्हणजे ते अॅप. त्याचं नाव 'चुरणी'. आमच्याकडे धानाची मळणी म्हणत नाहीत, धान चुरणं म्हणतात. भाऊजींचं चिचगडला दुकान आहे, झेरॉक्स, रिचार्ज आणि ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं. पण दुकानात गिऱ्हाईक आलं की भाऊजींच्या कपाळाला आठ्या पडत, कारण मग कॉम्प्युटरवरून उठावं लागे. कॉम्प्युटर ते आपल्या आपण शिकले, व्हिडिओ बघून बघून. त्यात सांगणारा इंग्रजीत बोले, भाऊजींना अर्धं समजे, उरलेलं ते अंदाजानं करत. स्वयंपाक असा कोणी केला असता तर घर उपाशी झोपलं असतं, पण अॅप झालं. कमरेच्या करदोऱ्याला किल्ली बांधतात तसा त्यांच्या पट्ट्याला चार्जिंगचा डबा बांधलेला असे. घरात भिंतीला चुना लावला तरी ते म्हणत "नवीन अपडेट आला". मी भाजीत मीठ जास्त टाकलं तर म्हणत, "वैनी, हे व्हर्जन परत घ्या."

अॅप करायचं वेड कुठून आलं ते सांगते. माझी जाऊ, पोरीची आई, नागपूरच्या दवाखान्यात होती ते वर्ष. धान कापून बांधावर पडलं होतं, वर ढग, आणि चुरायची मशीन काही मिळेना. धान भिजलं, बांधावरच कोंब फुटले. मागून कळलं की दोन गावं सोडून एका माणसाची मशीन तेव्हा रिकामी उभी होती आणि तो माणूस काम शोधत फिरत होता. जाऊ त्याच वर्षी गेली. भाऊजी तिच्याबद्दल बोलत नाहीत, कधीच बोलले नाहीत. त्या रिकाम्या मशीनबद्दल मात्र बोलतात. "वैनी, तो तिकडं बसून होता जी. आन् मी इकडं." हे मी इतक्यांदा ऐकलं की एकदा म्हटलं, "मग सांगा ना त्याला पुढच्या वर्षी." त्यांनी ते फारच मनावर घेतलं.

अॅपमध्ये काम एवढंच. ज्याचं धान तयार आहे त्यानं आपलं गाव दाबायचं आणि ज्याची मशीन मोकळी आहे त्यानंही दाबायचं. मग ते अॅप गावं अशी लावून देई की मशीन एका वाटेनं जाईल, उगाच मागं-पुढं पळणार नाही. ह्यात भाऊजी कोणाकडून काही घेत नव्हते. मी विचारलं, "कायले नाही घेत?" तर म्हणाले, "मशीन रिकामी उभी नाई राहिली, की पावलं मले."

पण ते तयार करताना त्यांनी मला छळलं. चिखलात धानाची रोपं रोवून रोवून माझा अंगठा गुळगुळीत झालाय, रेशनच्या मशीनवरही उमटत नाही. भाऊजींना तेच पाहिजे होतं. "वैनीच्या आंगठ्यानं चाललं तर जिल्ह्यात चालते," असं म्हणून ऐन जेवणाच्या वेळी मोबाईल घेऊन हजर. मी भाकर थापत असले तरी, "पिठाचा हात पुसा, एकदा दाबा." बटण दबलं नाही की दुसऱ्या दिवशी ते मोठं करून आणत. असं वाढवत वाढवत ते बटण पापडाएवढं झालं आणि मोबाईलभर तेच दिसायला लागलं. आवाज त्यांनी स्वतःचाच भरला होता. बटण दाबलं की मोबाईलमधून भाऊजी बोलत, "हो जी, नोंद झाली. मशीन निंगाली की सांगतो. घाबरू नोका." शेवटचे दोन शब्द आपल्या मनानं घातले होते. कोणी विचारलं की मशीन मागताना घाबरायचं कशाला, तर ते परत कॉम्प्युटरकडं वळत.

मोबाईलमध्ये अॅपचं एक दुकान असतं, सगळी अॅप तिथूनच घ्यायची. त्या दुकानाच्या फाटकावर भाऊजींना बराच काळ उभं राहावं लागलं. कधी चित्राचं माप चुकलं, कधी वर्णन. एकदा विचारणा झाली की लोकांच्या खाजगी गोष्टींबाबत तुमचं धोरण काय, ते लिहून द्या. भाऊजींनी लिहिलं, "आम्ही कोणाचं काही पाहत नाही. दिसलंच तर कोणाला सांगत नाही." ते परत आलं. माझ्या मते त्यात चूक काही नव्हती. शेवटी लेकीनं नीट करून दिलं. ती बापाच्याच दुकानात बसून हे काम शिकली आणि बापापेक्षा पुढं गेली. आता लग्नानंतर रायपूरला घरी बसून लोकांना अॅप करून देते, त्यावर तिचं पोट आहे. तिनं नीट केल्यावर फाटक उघडलं. दोन हंगाम 'चुरणी' चाललं. देवरीच्या आसपासच्या गावांत बांधाबांधावरून भाऊजींचा आवाज येई, "घाबरू नोका." मोबाईल एकीकडे बोले आणि म्हशी दुसरीकडे कान टवकारत.

मग शहरातल्या एका कंपनीनं तसंच अॅप आणलं. चकचकीत. त्यात बटणं बोराएवढी आणि आवाज एका गोड बाईचा. मशीनवाल्याच्या भाड्यातून कंपनी एकरामागं आपला वाटा कापून घेई. तरी लोक तिकडं जायला लागले, कारण मोबाईलमधल्या त्या दुकानात 'धान मशीन' लिहिलं की कंपनीचं वर दिसे आणि भाऊजींचं कुठंतरी तळाला, गाळासारखं. भाऊजींनी शोध लावला की ज्याला तारे जास्त तो वर दिसतो. अॅप वापरून लोकांनी तारे द्यायचे असतात, जास्तीत जास्त पाच. आमच्या लोकांना हे कुठं माहीत? मशीन आली, धान झालं, की मोबाईल खिशात.

तर लेकीचं लग्न ठरलं आणि पत्रिका छापून आली. सगळ्या पत्रिकांवर असतं तसं खाली छापलं होतं, "कृपया आहेर आणू नये." आणि त्याच्या पुढच्या ओळीत, "त्याऐवजी 'चुरणी'स पाच तारे द्यावेत." मी म्हटलं, "भाऊजी, लग्न पोरीचं आहे." तर म्हणाले, "आहेर घेऊन का करू? तांब्या-ताटं सोळा घरची पडली हायेत माळ्यावर."

लग्नात आहेर लिहायला जिथं टेबल मांडतात तिथंच टेबल मांडलं, आणि त्यावर गावचे रिटायर्ड मास्तर बसवले. आता आमच्या लोकांची सवय अशी की आहेर चुकवायचा नाही. ज्यानं माझ्या घरी दिला त्याच्या घरी मी देणारच. रांग लागली. अक्षता टाकून झाल्या की माणूस आधी टेबलाशी, मग पंगतीला. कार्यालयाचं इंटरनेट फुकट होतं, सगळ्यांचे मोबाईल त्यालाच जोडले. ज्यांना जमत नव्हतं त्यांचा मोबाईल मास्तर स्वतः हातात घेत. ताऱ्यांखाली दोन शब्द लिहायची जागा असते. लोक विचारत, "का लिहू जी?" मास्तर सांगत, "लिहा, वधूवरांस शुभाशीर्वाद, अॅप उत्तम." सगळ्यांनी तेच लिहिलं. ज्यांच्याकडे अॅप नव्हतं त्यांनी तिथंच घेतलं, तारे दिले आणि जेवायला गेले. एका म्हाताऱ्यानं चार तारे दिले तर त्याच्या मुलानं सगळ्यांदेखत दटावलं, "काऊन बाबा, त्याईनं आपल्या घरी पूर्ण आहेर केला होता!" मग पाचवा दिला. भाऊजी टेबलामागं उभे राहून प्रत्येकाला हात जोडत होते. मांडवातला त्यांचा सगळ्यात आनंदाचा वेळ तोच. नवरदेवाकडं त्यांनी नीट पाहिलंसुद्धा नसेल.

आणि पाठवणीच्या वेळी ते इंग्रजी पत्र आलं. एकाच जागेवरून, एकाच दुपारी, शब्दाला शब्द सारखे इतके तारे. तिथल्या यंत्रानं ठरवलं की ही लबाडी आहे. काही लोक म्हणाले की कंपनीनं तक्रार केली असेल. तसं काही नव्हतं. आमच्याच माणसांनी जीव लावून बुडवलं, उगाच दुसऱ्याचं नाव कशाला घ्या?

वर एक विनंती करता येते असं कळलं. भाऊजींनी खरं खरं लिहिलं, पुरावा म्हणून लग्नाची पत्रिका जोडली आणि पंगतीचा फोटोही जोडला. उत्तर आलं की लोकांना मोबदला देऊन तारे घेणं नियमाबाहेर आहे, तुमच्याच कागदावरून ते दिसतं, निर्णय कायम. लेकीनं फोनवर वाचून दाखवलं. भाऊजी माझ्या ओसरीवर बसले होते. म्हणाले, "मोबदला कोणता? मी कोणाले का देलो?"

मी म्हटलं, "जेवण."

"वैनी, लग्न होतं! लोकाईले उपाशी धाडू?"

मग ते गोंदियाला गेले, मला सोबत घेऊन, बाजारातल्या एका कॉम्प्युटरवाल्याकडं. तो हिंदीत बोलणारा. सगळं ऐकून म्हणाला, "चाचा, वहाँ आदमी नहीं बैठता. मशीन देखती है, मशीन ही जवाब देती है." भाऊजींना ते पटलं नाही. त्यांनी विचारलं, "कहीं तो ऑफिस होगा?" घरून निघताना त्यांनी नव्या तांदळाची एक थैली बरोबर घेतली होती. मला वाटलं व्याह्यांकडं द्यायची असेल. ती त्या फाटकावरच्या साहेबासाठी होती. साहेबाचा पत्ता मिळाला तर थैली घेऊन जायचं, समोर बसायचं आणि सांगायचं. भाऊजींना एवढंच वाटत होतं की समोर माणूस असला तर तो ऐकेल. थैली आम्ही परत आणली. तांदूळ चांगला होता.

मग त्यांनी माझ्या नावानं खातं काढलं. मी चौथी पास. माझं आधार कार्ड घेतलं, फोटो काढला आणि मी सॉफ्टवेअर करणारी बाई झाले. नव्या माणसाला आता आणखी एक नियम होता: डझनभर लोकांनी ते अॅप दोन आठवडे मोबाईलमध्ये ठेवून वापरून पाहायचं, मध्ये काढायचं नाही, मगच फाटक उघडणार. रोवणीचे दिवस होते. भाऊजी रोज संध्याकाळी छत्री घेऊन घरोघर जात, गोळ्या घेतल्या का बघायला आशाताई जाते तसं. "हाये ना जी अजून? दाखवा." माझ्या शेजारच्या बाईनं मध्येच काढून टाकलं, कारण मोबाईल भरला होता. भाऊजींनी पाहिलं तर कशानं भरला होता? सकाळच्या नमस्कारांच्या गुलाबफुलांनी. भाऊजी तिच्या पडवीत खाली बसले आणि एकेक गुलाब काढत राहिले. ती ओरडत होती, "तो राहू द्या, तो माह्या भावानं धाडला!" दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिल्यापासून मोजणी. माझ्या आयुष्यात मी बरेच हट्टी लोक पाहिले. नवराही तसाच होता. पण हे वेगळंच होतं. धान निसवून लोंब्या यायच्या आत अॅप फाटकातून आत गेलं पाहिजे, कारण हंगाम गेला की लोक कंपनीच्या सवयीचे होतात आणि मग परत येत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दोन आठवडे पुरे झाले आणि उत्तर आलं. माझं खातंही बंद. ज्या कॉम्प्युटरवरून काढलं तो भाऊजींचा, म्हणजे ही बाई त्या लबाड माणसाशी जोडलेली आहे. आहेच जोडलेली, दीर आहे माझा. तर आता मला साऱ्या जगात कुठंही अॅप विकायला बंदी आहे, मरेपर्यंत. शाळेतून काढलं तेव्हा एवढं मोठं पत्र आलं नव्हतं.

भाऊजींनी मग फाटकाशिवाय द्यायचं ठरवलं. दुकानात बसून एकेकाच्या मोबाईलमध्ये वायर लावून अॅप टाकायचं. आमच्या चिचगडच्या बाजारात ओट्यावर जागा नाही मिळाली तर माणूस बाहेर झाडाखाली भाजी मांडतो, त्यात वावगं काही नाही. पण इथं झाडाखाली मांडलं की मोबाईल लाल अक्षरांत सांगे, हे धोक्याचं आहे, तुमची माहिती चोरीला जाऊ शकते. बँकेतले पैसे उडवणाऱ्यांचे फोन आमच्याकडंही येतात, लोक धास्तावलेले. गावात बोभाटा झाला की भाऊजींचं अॅप घेतलं तर खातं रिकामं होतं. ज्यांनी मांडवात पाच तारे दिले तेच लोक दुकानावरून जाताना मोबाईल खिशात खोल सारायला लागले. एकानं तोंडावर विचारलं, "काऊन भाऊ, तुमाले सरकारनं बंद केलं म्हणतात?" भाऊजी नुसते झेरॉक्स काढत राहिले. त्या दिवशी मी दुकानात होते. एका कागदाच्या पंधरा-वीस प्रती निघाल्या तरी त्यांचा हात थांबला नाही. मीच मशीनचं बटण बंद केलं.

कोणी सुचवलं, लेकीच्या नावानं टाका, ती शिकलेली आहे. तिनंही म्हटलं, "बाबा, टाकू या." भाऊजी एकदम उठून उभे राहिले. माझ्या खात्याचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्याशी जोडलेली दिसली तर लेकीचंही बंद होणार, आणि तिचं तर पोट त्यावर. तेव्हापासून त्यांनी एक नवीन सोवळं सुरू केलं. रायपूरला लेकीकडं जाताना ते आपला मोबाईल माझ्या डाळीच्या डब्यात ठेवून जातात. तिच्या घरचं इंटरनेट त्यांच्या मोबाईलला लागता कामा नये. तिच्या कॉम्प्युटरच्या खोलीतही जात नाहीत, दाराबाहेरून बोलतात. जावई हसतो. लेक म्हणते, "बाबा, असं काही नसते जी, मोबाईल आणून बसा ना खुशाल." ते म्हणतात, "तुले का माहीत? मशीन पाहून राहते." व्हिडिओवर बोलायचं असलं तर माझ्याकडं येतात. पण माझंही नाव खराब झालेलं, म्हणून मग शेजारच्या बाईच्या मोबाईलवरून, गुलाबवालीच्या. ती आता त्यांना काही म्हणत नाही. मोबाईल देते आणि चुलीकडं निघून जाते.

'चुरणी' गेल्यावर आमच्या भागात कंपनीचं एकच उरलं. एकरामागचा वाटा वाढला. मशीनवाले कुरकुरले, पण जातील कुठं? त्यांनी भाडं वाढवलं, शेतकरी कुरकुरला, तोही जाईल कुठं? मागच्या हंगामात भाऊजींचं स्वतःचं धान कापून बांधावर पडलं. वर ढग आले. त्यांनी ओळखीच्या सगळ्या मशीनवाल्यांना फोन लावले. सगळे म्हणाले, "भाऊ, अॅपवरून टाका, आता तसं नाई येता येत." भाऊजी माझ्याकडं आले, म्हणाले, "वैनी, तुमचा मोबाईल द्या." कंपनीचं अॅप घेतलं. बटणं बोराएवढी, माझ्या अंगठ्यानं एकही दबेना. भाऊजींनी स्वतः दाबलं. गोड बाईनं आभार मानले.

दुसऱ्या दिवशी मशीन आली. मशीनवर एक पोरसवदा ड्रायव्हर, दूर उत्तरेकडून आलेला, डोळे लाल, अंगावर सगळा भुसा. काम चोख केलं. संध्याकाळ व्हायच्या आत धान पोत्यांत भरून झालं आणि पाऊस पडला तो त्यानंतर. मशीन बांध उतरून गेली तसा मोबाईल वाजला. आमची सेवा कशी वाटली, तारे द्या.

मी म्हटलं, "देऊ नोका. कायले द्यायचे त्याईले?"

भाऊजींनी मोबाईलवरचा भुसा पुसला. मग म्हणाले, "पोरगा घर सोडून आला जी इतक्या दूर. त्याचा का गुन्हा?"

त्यांनी पाच तारे दाबले. खाली दोन शब्द लिहायची जागा होती. ती त्यांनी रिकामी सोडली नाही. बोटानं एकेक अक्षर शोधत 'शुभाशीर्वाद' लिहिलं, आणि मोबाईल मला परत दिला.

हे सगळं ज्याच्यावर गुदरलं तो माणूस चिचगडलाच आहे. सकाळी दुकान उघडतो, झेरॉक्स काढतो. माझा धाकटा दीर आहे तो.